बारा लाख नोंदी आणि तबकडीचा फेरा

सदाशिव पेठेतल्या मित्राचा रात्री साडेदहाला फोन. एका वाचनालयाच्या देवघेवीच्या १२ लाख नोंदी डेटाबेसमध्ये भरायला त्यानं संध्याकाळी लावल्या होत्या आणि अजून संपत नव्हत्या. "मशीनच नवीन घ्यावं म्हणतोय."

जाऊन पाहिलं. कॅबिनेटवर दसऱ्याची हळदकुंकवाची बोटं. त्याला माझी ना नाही. पण हारातला झेंडू पंख्यात अडकतो, तेवढं पाहावं. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, डिस्कचा दिवा मात्र सतत पेटलेला. नवीन प्रोसेसर आणून तोही रिकामाच बसला असता.

गोम अशी की प्रत्येक नोंदीनंतर कमिट होत होतं. कमिट म्हणजे डेटाबेसनं दिलेला शब्द: आता लाइट गेली तरी ही नोंद जाणार नाही. त्यासाठी बदलाची टिपण, म्हणजे लॉग, खरोखर डिस्कवर उतरावी लागते. रॅममध्ये असून भागत नाही. त्याची डिस्क फिरत्या तबकडीची, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला १२०. लॉगमधली पुढची टिपण आधीच्या टिपणीला लागूनच लिहायची असते. पण कमिट झाल्याचं कळून पुढची नोंद येईपर्यंत ती जागा हेडखालून, म्हणजे लिहिणाऱ्या टोकाखालून, निघून गेलेली असते. मग ती फिरून येईस्तोवर थांबा, सुमारे ८.३ मिलिसेकंद. सेकंदाला फार तर १२० नोंदी. १२ लाखांना १०,००० सेकंद, पावणेतीन तास, आणि तेही सगळं सुरळीत चाललं तर!

आम्ही दहा-दहा हजार नोंदींमागे एकच कमिट ठेवलं. कमिट उरले १२०; फेऱ्यांची वाट पाहणं सेकंदाभराचं. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तबकडी नसते, पण शब्द पाळण्याची किंमत तिथंही मोजावी लागतेच, त्यामुळे "एसएसडी टाका, प्रश्न मिटला" हे अर्धसत्य.

दुसरं दुखणं इंडेक्सचं, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीचं. तो बहुधा बी-ट्री असतो, म्हणजे क्रमानं लावलेल्या पानांचं, फांद्या फुटत जाणारं झाड. संगणकशास्त्रज्ञ बायर आणि मॅक्क्राइट यांचा त्यावरचा लेख १९७२ सालचा. नोंदी वेड्यावाकड्या क्रमानं आल्या की दर नोंदीला झाडाचं वेगळंच पान उघडावं लागतं, भरलेलं पान दुभंगतं, वरच्या पानात नवी खूण जाते. झाड रॅममध्ये मावेनासं झालं की पुन्हा डिस्क. म्हणून रिकाम्या टेबलात आधी सगळं भरावं, मग इंडेक्स बांधावा. तेव्हा डेटाबेस इंडेक्समधली मूल्यं एकदाच क्रमानं लावून पानं ओळीनं भरत जातो.

भरणं काही मिनिटांत आटोपलं. सभासदांच्या यादीवरचा, सभासद क्रमांकाचा युनिक इंडेक्स (एक क्रमांक दोनदा येऊ न देणारा) मात्र बांधला जाईना. दोन सभासदांना एकच क्रमांक दिलेला निघाला.