मार्लेश्वर

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात, मारळ गावाजवळचे शिवस्थान. देवरुखपासून सुमारे १८ किमी. किनाऱ्यापासून बरेच आत, सह्याद्रीच्या कड्याखाली एका नैसर्गिक गुहेत मार्लेश्वर व मल्लिकार्जुन अशा दोन पिंडी आहेत. देव पूर्वी मुरादपूरला होता आणि तिथल्या जुलमाला कंटाळून डोंगरात निघून आला, अशी लोककथा आहे.

गुहेच्या कपारींत साप वावरतात. ते देवाचे मानले जातात, त्यांना कोणी डिवचत नाही. म्हणूनच गाभाऱ्यात विजेचा दिवा लावत नाहीत. दर्शन समईच्या उजेडात घ्यायचे. या स्थळाच्या विकासाचे खरे वैशिष्ट्य इथेच आहे. रस्ता, वाहनतळ, शेकडो पायऱ्या, कठडे, प्रसादाची आणि सरबताची दुकाने हे सारे आले, पण गुहेच्या तोंडापर्यंतच. आत येणाऱ्याने वाकून, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबायचे. पर्यटकांची सोय पाहणाऱ्या कुठल्याही आराखड्यात असा अंधार टिकला नसता. तो टिकला देवस्थान आणि गावकरी यांच्या रिवाजामुळे.

घारापुरीशी तुलना केली तर फरक कळतो. तिथली कोरीव लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गावाच्या वाट्याला मुख्यतः भोवतालचा व्यवसाय येतो. मार्लेश्वरला देव नांदता आहे आणि त्याचे मान गावागावांत वाटलेले आहेत. मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी त्याचा विवाह लागतो. त्याला कल्याणविधी म्हणतात. नवरीची पालखी साखरप्याहून, देवाची आंगवलीहून निघते आणि मानकऱ्यांना रीतसर आमंत्रण जाते. यात्रेचा भार वाहणारी माणसे या मानातूनच उभी राहतात, हे बाहेरच्याला सहसा दिसत नाही.

पावसाळ्यातली गर्दी मात्र वेगळी. ती येते शेजारच्या धारेश्वर धबधब्यासाठी, आणि तिला मानपान ठाऊक नसतो. शेवाळलेले खडक, अचानक वाढणारे पाणी आणि मागे पडणारा कचरा हे प्रश्न जत्रेच्या जुन्या घडीत बसत नाहीत. मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे यांमुळे संगमेश्वरपर्यंत येणे सोपे झाले आहे. तिथून देवरुखमार्गे पायथ्यापर्यंत गाडी जाते.