वाटी दुखते म्हणून फक्त मांडीचा आतला मसल? छे!

गुडघ्याची वाटी दुखते म्हटलं की जिममधे कोणीतरी सांगणारच, मांडीचा आतला मसल वीक आहे, पाय बाहेर वळवून लेग एक्स्टेन्शन (बसून वजनासकट गुडघा सरळ करायचा व्यायाम) मार, तेवढाच स्ट्राँग होईल. अहो तो क्वाड्रिसेप्सचाच, म्हणजे मांडीच्या पुढच्या मसल्सच्या गटाचाच भाग, पाय कसाही वळवा, बाकीचे सोबत काम करतातच. आणि खुब्याकडे कोणी बघतच नाही! जिना उतरताना मांडी आत वळून गुडघा कलतो, तो आवरायचं काम खुब्याच्या बाहेरच्या मसल्सचं. म्हणूनच २०१९ च्या अमेरिकन फिजिओथेरपी गाइडलाइनमधे खुबा आणि गुडघा, दोन्हीचे व्यायाम एकत्र सांगितलेत. आता लगेच 'सगळा दोष खुब्याचा' असं फॉरवर्ड करू नका, दुखणाऱ्यांचा खुबा वीक सापडतो खरा, पण तो दुखण्याचा परिणामही असू शकतो. कुशीवर झोपून वरचा पाय उचला, जोडीला झेपतील तेवढे स्क्वॉट.