जरा, लागतं, नको : हे इंग्रजीत बोलायचं कसं?

दुसऱ्या महिन्याची बॅच सुरू झाली की हे पत्रक आम्ही हातात देतो. पहिल्या महिन्यात काळ, प्रश्न आणि फोनवर नाव-पत्ता सांगणं एवढं झालेलं असतं. आता कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड. शाळेत यांना मोडल ऑक्झिलिअरी म्हणायचे. हे नऊही शब्द तुम्हाला येतात, दहावीला त्यांवर मार्कही मिळवले असतील. अडतं ते तोंड उघडल्यावर.

सुरुवातीची काही वर्षं आम्हीही एक तक्ता वाटायचो. कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित. लोक तो घोकून यायचे आणि फोनवर ‘आय कॅन एबल टू कम’ म्हणायचे. मग तक्ता बंद केला. मराठीत आपण क्रियापदाला शेपट्या लावत जातो : जावं लागतं, जायला हवं, जाता येतं, जाऊ नये, जाईन म्हणतो. प्रत्येक शेपटीचा भाव वेगळा, आणि तो आपल्याला न शिकवता कळतो. तेव्हा आधी मनातलं मराठी वाक्य नीट ऐका आणि मग इंग्रजी शब्द उचला. आमची सगळी पद्धत एवढीच.

‘पाहिजे’ने केलेला घोटाळा

‘मला चहा पाहिजे’, ‘तू डॉक्टरांना दाखवायला पाहिजे’, ‘ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत यायला पाहिजे’. शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात इच्छा आहे, दुसऱ्यात सल्ला आणि तिसऱ्यात कामाची निकड. इंग्रजीत तिघांच्या वाटा वेगळ्या. चहासाठी ‘आय वुड लाइक सम टी’, डॉक्टरांसाठी ‘यू शुड सी अ डॉक्टर’. तिसऱ्या वाक्याची एक गोष्टच आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे आमचे एक विद्यार्थी. परदेशी ग्राहकाला त्यांनी लिहिलं, ‘यू मस्ट सेंड द ड्रॉइंग बाय फ्रायडे, प्लीज.’ मनात होतं, ‘शुक्रवारपर्यंत जरा पाठवाल का, म्हणजे पुढचं काम लावता येईल.’ गेलं ते फर्मान. दोन दिवस उत्तर नाही, मग थेट त्यांच्या साहेबांना फोन. ‘पण मी प्लीज लिहिलं होतं की हो,’ ते वर्गात कळवळून म्हणाले. प्लीज लावल्याने हुकमाची विनंती होत नाही. तिथेच बसून नवीन वाक्य केलं : ‘कुड यू सेंड अस द ड्रॉइंग बाय फ्रायडे? वी नीड इट टू स्टार्ट द जॉब.’

मराठीत आदर ‘तुम्ही’त असतो, ‘पाठवाल का’मधल्या ‘का’त असतो आणि त्या एवढ्याशा ‘जरा’त तर फारच असतो. इंग्रजीत साहेबांना यू आणि नातवालाही यू. मग आदर ठेवायचा कुठे? कुड आणि वुडमध्ये. ‘कॅन यू’ बरोबरीच्या माणसाला चालतं, घरात तर धावतं. अनोळखी माणूस, ग्राहक, वयाने मोठे, यांच्याशी बोलताना मनात ‘जरा’ आला की तोंडातून ‘कुड’ यायला हवा. ‘जरा बाजूला होता का?’ : ‘कुड यू मूव्ह अ लिट्ल, प्लीज?’ इथे प्लीज शोभतं.

‘च’ आणि ‘लागतं’

मस्ट कुठे वापरायचा मग? जिथे मराठीत तुम्ही ‘च’ लावाल तिथे. पाहुणे नाशिकला आले आणि तुम्ही म्हणालात, ‘इथली मिसळ खाऊन बघाच’, तर ते ‘यू मस्ट ट्राय द मिसळ हिअर’. हा आग्रह बोलणाऱ्याच्या पोटातून येतो. उलट, आठच्या आत कार्ड पंच करावं लागतं, कारण कंपनीचा नियम आहे, तुमची हौस नव्हे. ते ‘आय हॅव टू पंच माय कार्ड बिफोर एट’. बोलण्यात ही सीमारेषा पुसट होते, कबूल आहे. पण शंका आली की हॅव टू वापरा, त्याने सहसा कुणी दुखावत नाही.

शिवाय नियमाच्या अर्थी मस्टला भूतकाळ नाही. ‘काल थांबावं लागलं’ म्हणजे ‘आय हॅड टू वेट’. आणि ‘काल थांबायला हवं होतं’ म्हणजे? इथे माणूस थांबलेलाच नाही, आता चुटपुट लागली आहे. ते ‘आय शुड हॅव वेटेड’. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून दहा वेळा म्हणा. मराठीत तुम्ही यात कधीच चुकत नाही, मग इंग्रजीत का चुकावं?

‘यायला नको’

हा या पत्रकातला सगळ्यात नाजूक भाग. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या आमच्या एक काकू सांगत होत्या. शेजारीण म्हणाली, मी तुम्हाला दुकानापर्यंत सोडायला येते. काकूंना म्हणायचं होतं, ‘कशाला, तुम्ही यायला नको, मी जाईन चालत.’ म्हणाल्या, ‘नो नो, यू मस्ट नॉट कम.’ शेजारणीचा चेहरा पडला. मस्ट नॉट म्हणजे सक्त मनाई, ‘खबरदार आलीस तर’ या चालीचं. काकूंच्या ‘नको’त होता संकोच आणि शेजारणीची काळजी. त्याला इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव टू कम, आय कॅन वॉक’.

हॅव टू आणि मस्ट होकारात जवळजवळ जुळे भाऊ, पण नकारात एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. ‘फी आजच भरायला नको’ म्हणजे डोन्ट हॅव टू. ‘इथे गाडी लावायची नाही’ म्हणजे मस्ट नॉट.

असेल, असणार, असावा

‘तो घरी असेल’ म्हणताना आपली खात्री पन्नास टक्केही नसते. वर्गात मात्र भाषांतर येतं, ‘ही विल बी अ‍ॅट होम.’ ऐकणारा माणूस तेवढ्या भरवशावर रिक्षा करून जाईल. नुसता अंदाज असेल तर ‘ही मे बी’ किंवा ‘ही माइट बी अ‍ॅट होम’. दारात चपला दिसतायत, आत टीव्ही चालू आहे, म्हणजे ‘घरीच असणार’, तर ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’. मस्टचं हे दुसरं काम, आणि आमच्या मते जास्त उपयोगाचं. यातलं झालेल्या गोष्टीचं रूपही मिळतं : ‘विसरला असणार’, ‘ही मस्ट हॅव फर्गॉटन.’

कुडचंही असंच एक आहे. ‘काल कशीबशी गाडी पकडता आली’ याला ‘आय कुड कॅच द ट्रेन’ म्हणू नका. एकदाच घडलेल्या, जमून गेलेल्या गोष्टीला ‘आय मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’ किंवा ‘आय वॉज एबल टू’. कुड हा जुन्या अंगच्या कौशल्याला : ‘लहानपणी मला पोहता यायचं.’ गाडी चुकली असेल तर मात्र ‘आय कुडन्ट कॅच इट’ खुशाल म्हणा, नकारात चालतं.

आणि ‘उद्या मला येता येईल’? ‘विल कॅन’ नाही. दोन मोडल एका म्यानात राहत नाहीत. ‘आय विल बी एबल टू कम’ म्हणा, किंवा सरळ ‘आय कॅन कम टुमॉरो’. मोडलला एस लागत नाही, पुढे टू येत नाही (ऑट टू हा अपवाद, तो बाजूला ठेवा). एवढं व्याकरण पुरे.

दुकानावरच्या पाट्या बघा : ‘द शॉप वुड रिमेन क्लोज्ड टुमॉरो.’ विलपेक्षा वुड जास्त सभ्य, असं आपल्याकडे कुणीतरी ठरवून टाकलंय. विनंतीत ते खरं आहे, सूचनेत नाही. बाहेरचा माणूस ती पाटी वाचून ‘बंद राहिलं असतं, पण कधी?’ असा विचार करतो. उद्या बंद आहे ना? मग विल.

शॅलची फार काळजी करू नका. ‘शॅल आय क्लोज द विंडो?’, ‘शॅल वी गो?’ एवढे दोन प्रश्न पाठ करा. बाकी शॅल करारात आणि कायद्यात भेटेल. आपल्या राज्यघटनेचं पहिलंच कलम ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’ असं आहे. करारात शॅल दिसला तर ते बंधन समजा आणि सही करण्याआधी ते वाक्य पुन्हा वाचा.

कानाचं काम

फोनवर अमेरिकी माणसाशी बोलणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावं. आपण ‘आय कॅन कम’मधला कॅन ठासून म्हणतो. तिकडे नकारातल्या ‘कॅन्ट’चा ट जवळजवळ गिळून टाकतात, म्हणून आपला ठसठशीत कॅन त्यांना नकारासारखा ऐकू येतो. होकारात कॅन पुसट करा, ‘आय कन् कम’, आणि जोर ‘कम’वर द्या. तारीख ठरवत असाल तर पुढे ‘येस, मंडे इज फाइन’ जोडा, भांडण मिटलं. शुड, वुड, कुड यांतला एल उच्चारत नाहीत. कुडमध्ये तर तो मुळात नव्हताच, बाकी दोघांच्या संगतीने मागाहून घुसला.

घरचा सराव

वहीत शब्दार्थ लिहू नका. रोज रात्री त्या दिवशी मराठीत बोललेली तीन वाक्यं आठवा : एक ‘लागलं’चं, एक ‘जरा’चं, एक ‘असेल’चं. ‘गॅस संपला असेल’, ‘जरा आवाज कमी करतोस का’, ‘आज उभ्याने यावं लागलं’. ती इंग्रजीत मोठ्याने म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि सकाळी भाजी चिरताना किंवा बसमध्ये ऐका. चूक आपल्याच कानाला टोचते.

शनिवारच्या तासाला तुम्ही खरोखर पाठवलेला एक इंग्रजी मेसेज किंवा मेल घेऊन या. नावं, रकमा खोडून आणा. आपण तो फळ्यावर लिहून दुरुस्त करतो. तास चुकला तर पुढच्या बॅचबरोबर बसा, त्यासाठी वेगळी फी भरायला नको. ‘यू डोन्ट हॅव टू पे’, मस्ट नॉट नव्हे.