मोटारीच्या आतला आवाज: आधी त्याची वाट शोधावी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या साध्या हॅचबॅकमध्ये मागे बसलेल्या माणसाला पुढच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. अशा वेळी आतला आवाज साधारणपणे ६५ ते ७२ डेसिबेलच्या घरात असतो आणि समोरासमोरचे नेहमीचे बोलणे असते ६० डेसिबेलच्या आसपास, त्यामुळे बोलणे गाडीच्या आवाजात बुडून जाते. या त्रासाला कंटाळून अनेक जण गाडी थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात नेतात आणि दारांना, तळाला, डिकीला चंदेरी पाठीच्या काळ्या शीट चिकटवून घेतात. पैसे खर्च होतात, गाडीचे वजन वाढते आणि पुढच्या प्रवासात लक्षात येते की आवाज जवळपास होता तेवढाच आहे. त्या शीटमध्ये खोट असतेच असे नाही. ती एक ठरावीक काम करते आणि नेमक्या त्या कामाची त्या गाडीला गरज आहे की नाही, हे कोणी तपासलेले नसते.

आवाज गाडीत दोन वाटांनी शिरतो. एक वाट हवेची: टायरची घरघर, वाऱ्याचा सूं-सूं आवाज, शेजारच्या ट्रकचा हॉर्न हे सारे काचेतून, दारांच्या फटींतून आणि पातळ पत्र्यातून आत येते. दुसरी वाट लोखंडाची: इंजिनाचे हादरे त्याच्या रबरी माउंटिंगमधून आणि रस्त्याचे हादरे सस्पेन्शनमधून सांगाड्यात उतरतात, आणि मग तळ, टप व दारांचे पत्रे स्पीकरच्या पडद्यासारखे थरथरून आतल्या हवेला हलवतात. ढोबळमानाने सांगायचे तर ४००-५०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) खालचा खर्जातला गुंजारव मुख्यतः लोखंडाच्या वाटेने येतो आणि त्यावरचा आवाज हवेच्या. दोन्ही वाटांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसा वाया जातो.

यात डेसिबेलचे गणित नीट समजून घेतले पाहिजे, कारण ही मोजपट्टी साध्या बेरजेने चालत नाही. ७० डेसिबेलचे दोन आवाज एकत्र आले तर १४० होत नाहीत, ७३ होतात. समजा टायरचा आवाज ७० डेसिबेल आणि वाऱ्याचा ६४ डेसिबेल आहे. एकूण आवाज ७१ भरेल. मोठ्या खर्चाने वाऱ्याचा आवाज पार नाहीसा केला तरी एकूण आकडा ७१ वरून ७० वर येईल, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. याउलट आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबेल कमी व्हावे लागतात, म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर आणावी लागते. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाला आधी हात घालावा लागतो. तो आवाज वेगानुसार बदलतो: कमी वेगात इंजिन, मधल्या वेगात टायर आणि १०० च्या पुढे वारा. वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे १०० वरून १२० वर गेले की ती जवळजवळ तिप्पट होते.

आता त्या चंदेरी शीटकडे वळू. जेवताना पितळेचे ताट हातातून पडले की ते घणघणत राहते, आणि घरातले कोणीतरी पटकन त्यावर तळहात ठेवते. आवाज तत्क्षणी थांबतो. तळहाताने ताटाभोवती भिंत उभी केलेली नसते. त्याच्या मऊ मांसाने ताटाच्या कंपनाची ऊर्जा शोषून तिची उष्णता केलेली असते. ती चंदेरी शीट, म्हणजे डॅम्पिंग (कंपन शमवणारी) शीट, पत्र्यावर नेमके हेच करते. एका गॅरेजमध्ये दाराचे आतले प्लास्टिक उतरवलेले असताना मी उघड्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, तेव्हा डब्यावर वाजवल्यासारखा ‘टण्ण’ आवाज आला आणि क्षणभर रेंगाळला. मेकॅनिकने पत्रा पुसून घेतला, त्या शीटच्या हाताच्या तळव्याएवढ्या दोन पट्ट्या पत्र्याच्या मधोमध लावल्या आणि छोट्या रोलरने हवा निघेपर्यंत दाबल्या. पुन्हा टकटक केल्यावर आला फक्त ‘ठप्प’, लाकडावर वाजवल्यासारखा.

या पट्टीची रचना साधी दिसते, पण तिच्यामागे विचार आहे. पत्र्यावर चिकट थर दिल्याने कंपन कसे शमते, याचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत ओबर्स्ट यांनी १९५२ साली मांडला. पुढे १९५९ साली अमेरिकेत एडवर्ड कर्विन यांनी दाखवले की त्या चिकट थरावर आणखी एक पातळ पण ताठ पापुद्रा बसवला तर परिणाम कितीतरी वाढतो. पत्रा वाकू लागतो, वरचे ॲल्युमिनियम त्याच्याबरोबर ताणले जायला नकार देते, आणि मधल्या चिकट थराची, म्हणजे ब्यूटाईल रबराची, दोहोंमध्ये ओढाताण होते. त्या ओढाताणीतच कंपनाची ऊर्जा विरते. म्हणजे चंदेरी पाठ उष्णता परतवण्यासाठी किंवा शोभेसाठी नसते, अर्धे काम तीच करते. ती रोलरने नीट दाबली नाही आणि खाली हवेचे फुगे राहिले, तर ओढाताण होतच नाही. एक सपाट पत्रा शांत करायला त्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बहुतेक काम होते. उरलेला भाग झाकून पदरी पडते ते मुख्यतः वजन. डांबराच्या स्वस्त शीट मात्र टाळाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद उभ्या गाडीचा पत्रा इतका तापतो की डांबर मऊ होऊन ओघळते आणि त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

डॅम्पिंगने पत्र्याचे घणघणणे थांबते, पण हवेतून येणारा आवाज अडत नाही. त्यासाठी वस्तुमान लागते. ध्वनिशास्त्रातला ढोबळ नियम असा आहे की आडोशाचे दर चौरस मीटरमागचे वजन दुप्पट केले तर सुमारे ६ डेसिबेल जास्त आवाज अडतो. दाराचा ०.७ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलो भरतो. त्यावर चौरस मीटरला पाच किलोचे जड व्हिनाईल (प्लास्टिकची वजनदार चादर) चढवले तर लाभ होईल त्या सहाएक डेसिबेलचाच, आणि पुढचे सहा मिळवायला आणखी दहा किलो लागतील. म्हणून जाणकार लोक व्हिनाईल थेट पत्र्याला चिकटवत नाहीत. मध्ये फोमचा थर देऊन ते पत्र्यापासून सुटे ठेवतात, म्हणजे दोन भिंती आणि मध्ये गादी अशी रचना होते आणि तेवढ्याच वजनात मध्यम व उंच स्वर बरेच जास्त अडतात.

नुसत्या फोमविषयीचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतो हे खरे, पण त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याशी तुलना करण्याजोगी असली तरच. १००० हर्ट्झला हा हिस्सा साडेआठ सेंटिमीटर येतो. १०० हर्ट्झला पाऊण मीटरहून जास्त. दारात मावणारा सेंटिमीटरभर फोम खर्जाच्या गुंजारवाला स्पर्शही करू शकत नाही.

त्या गुंजारवाची गोष्ट वेगळीच आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ६७. गाडीच्या आतली पोकळी अडीच मीटर लांब धरली तर तिच्यात अर्धी तरंगलांबी बरोबर बसते ती ६८-६९ हर्ट्झच्या ध्वनीची. दोन्ही आकडे जुळले की बासरीच्या नळीसारखी सारी पोकळी घुमू लागते, कानांवर दाब आल्यासारखे वाटते, आणि गिअर बदलताच ते सारे नाहीसे होते. अशा घुमण्यावर शीट चिकटवण्याआधी इंजिनाचे माउंटिंग तपासावे. त्याचे रबर कडक झाले किंवा तडकले असेल तर मूळ तिथे आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे फटींचा. आडोशाच्या क्षेत्रफळात एक टक्का जरी भोक असले तरी त्यातून शंभरावा हिस्सा ऊर्जा सरळ आत येते, म्हणजे उरलेली भिंत कितीही जाड केली तरी २० डेसिबेलपेक्षा जास्त आवाज अडणार नाही. कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी; कुठे ती अलगद सुटून आली तर तिथली रबरी बीडिंग (दाराच्या कडेची पट्टी) दबून सपाट झालेली आहे. मागच्या दारांच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवली की वाऱ्याचा किती आवाज तिथून येतो, हेही कळते. दाराच्या तळाची पाणी निघण्याची भोके मात्र कधीही बुजवू नयेत. कोकणातल्या पावसाळ्यात असे दार आतून कुजते, आणि पाणी धरणारा फोम आत असेल तर आणखी लवकर. मागच्या बंपरआड हवा बाहेर पडण्याच्या झडपा असतात, त्याही मोकळ्या ठेवाव्यात. त्या बंद झाल्या की दार लावताना आतली हवा कोंडते आणि दार नीट लागत नाही.

टायरच्या बाबतीत रस्त्याचा वाटा मोठा असतो. काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचा असल्या तर टायर त्यांच्यावर सूर धरतो: खाचांमधले अंतर अडीच सेंटिमीटर असेल तर ताशी १०० च्या वेगाला तो सूर ११०० हर्ट्झचा, कानाला टोचणारा. रस्ता आपल्या हातात नाही, पण टायर आहेत. झिजून दातेरी झालेले टायर बदलणे आणि हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवणे, याने जो फरक पडतो तो चाकांवरच्या कमानींना शीट लावून पडेलच असे नाही. कमानी त्यानंतर कराव्यात, आणि दारे त्याहून नंतर.

फरक मोजताना मोबाइलवरच्या ॲपवर विसंबणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही ॲप बहुधा ‘ए’ मोजपट्टी वापरतात, आणि ती १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबेलने कमी धरते. गुंजारव खूप कमी झाला तरी आकडा हलणार नाही. तिथे कानावर विश्वास ठेवावा.

काम चांगले झाले की आठवडाभरात गाडीत नवा आवाज ऐकू येऊ लागतो, आणि मालक धास्तावून परत गॅरेजला जातो. तो आवाज बहुतेक वेळा जुनाच असतो, मोठ्या आवाजाखाली इतके दिवस झाकलेला. मी पाहिलेल्या एका गाडीत मागच्या सीटबेल्टचे बक्कल खांबाच्या प्लास्टिकवर हलकेच टकटकत होते. फेल्टचा बोटभर तुकडा चिकटवल्यावर ते थांबले.