शेवटी भूत खरं ठेवायचं का? सोलापुरात घडणाऱ्या गूढ तपासकथेची पार्श्वभूमी

गुप्तहेर, भुताटकी आणि षड्यंत्रांवर ठाम विश्वास असलेली माणसं, या तिघांना एका कथेत आणून ती कथा सोलापुरात घडवायची असेल, तर लेखकाला ओसाड वाडा शोधत फिरावं लागत नाही. बंद पडलेल्या गिरण्या आहेत, खंदकाचा भुईकोट किल्ला आहे, आणि एकच अफवा चार भाषांत फिरेल अशी वस्ती आहे. पूर्व भागात ती तेलुगूत ऐकू येईल, बाळीवेशीत कन्नडमध्ये, विजापूर वेशीत उर्दूत आणि बाकी गावभर मराठीत. प्रत्येक भाषेत तिला एखादी नवी पुरवणी जोडली जाणार.

पण या साहित्यप्रकारावर इथे एक जबाबदारी येते, आणि ती टाळून लिहिलेली कथा मला अपुरी वाटते. २०१८ साली महाराष्ट्रात अफवेने घेतलेल्या बळींमध्ये या जिल्ह्यातून पोट भरायला बाहेर पडलेली माणसं होती. तो भाग सविस्तर पुढे येईल.

मराठी रहस्यकथेचा जुना प्रवास वाचकांना माहीत आहे. एकट्या एका लेखकाने हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली, ती वाचनालयांतून फाटेपर्यंत फिरली, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला लटकली. त्या कथांतलं भूत बहुधा तोतया असे. गोदामाकडे कुणी फिरकू नये म्हणून तस्करांनी उठवलेली हूल असे, किंवा इस्टेटीवर डोळा ठेवून काकाने पुतण्याला घाबरवण्यासाठी रचलेला बनाव. शेवटच्या प्रकरणात नायक पांढरी चादर ओढायचा आणि वाचक निवांत झोपायचा. याला समांतर दुसरी धारा होती ती गूढकथेची आणि भयकथेची. तिच्यात अमानवी शक्ती खरीच असे, तिच्याशी झुंजणारा साधक असे, आणि पुराव्याचा प्रश्नच येत नसे. दिवाळी अंकांनी ही दुसरी धारा जगवली. दोन्हींचा वाचक बऱ्याचदा एकच होता, पण लिहिणाऱ्यांनी कुंपण पाळलं.

आता डिटेक्टिव्ह आणि भूत एकाच पानावर आणले की ते कुंपण पडतं, आणि लेखकाला एक निर्णय घ्यावाच लागतो: शेवटी भूत खरं ठेवायचं की खोटं? हा वाद कारागिरीचा वाटतो, पण तो तेवढ्यावर थांबत नाही.

खोटं ठेवावं म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात दशकभराहून अधिक काळ रखडला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, त्यासाठी आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्याचा सकाळी फिरायला गेला असताना खून झाला, तेव्हा कुठे काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. इतकी किंमत मोजलेल्या समाजात 'अमक्या बाईने करणी केली होती आणि ते खरंच निघालं' असा शेवट करणं म्हणजे तिच्या दारावर गेलेल्या जमावाला प्रशस्तिपत्र देणं, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप मला हलका वाटत नाही.

दुसरी बाजू वाचकाची. चारशे पानं अंगावर काटा आणायचा आणि शेवटी तार, आरसा आणि टेपरेकॉर्डर दाखवायचे, ही फसवणूक त्याला कळते. कायद्यानेही कथेतल्या भुताला हात लावलेला नाही. त्याच्या अनुसूचीत आहेत त्या कृती: भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, चटके देणं, भुतांना आवाहन करण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कागदावरची हडळ यात कुठेच बसत नाही.

कथा षड्यंत्रवाद्यांमध्ये घडत असेल, तर मला तिसरी वाट योग्य वाटते. भूत खरं निघालं तरी चालेल, पण जमावाने ठरवलेला आरोपी निर्दोष निघाला पाहिजे. कारण धोका भुतावरच्या श्रद्धेइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, 'यामागे कोण आहे ते मला ठाऊक आहे' या खात्रीत असतो. भुताला मानणारा माणूस दार लावून घेतो. षड्यंत्र मानणारा कामाला लागतो. तो स्क्रीनशॉट जमवतो, वेळा टिपतो, फोटोवर लाल गोल करतो, नकाशावर रेघा ओढतो. डिटेक्टिव्हही हेच करतो, म्हणून अशा कथेत दोघे एकमेकांचे खरे प्रतिस्पर्धी ठरतात. फरक एवढाच की पुरावा उलटा गेला तर डिटेक्टिव्ह संशयिताला सोडतो. दुसऱ्याला उलटा पुरावा म्हणजे षड्यंत्र किती खोल आहे याची नवी खूण वाटते.

अशा तपासाचा नमुना बाहेरून आणण्याची गरजही नाही. मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यात भानामतीची प्रकरणं पिढ्यान् पिढ्या ऐकू येतात. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेट घेतात, अंगावर फुल्या उमटतात, ताटात घाण येते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरात जातात तेव्हा आधी देवऋष्याची ये-जा बंद करायला सांगतात. मग घरातल्या प्रत्येकाशी एकट्याने, सावकाश बोलतात. कोणता प्रकार घडला तेव्हा कोण कुठे होतं, कोणाचे कपडे जळतात आणि कोणाचे कधीच जळत नाहीत, हे जुळवत जातात. बहुतेक वेळा धागा घरातल्याच एखाद्या कोंडलेल्या जीवापाशी पोहोचतो. शाळा सुटलेली मुलगी असते, मूल होत नाही म्हणून टोमणे खाणारी सून असते. आणि मग ते जे करतात ते कुठल्याही डिटेक्टिव्ह कथेत नसतं: नाव जाहीर करत नाहीत. त्या व्यक्तीकडून 'पुन्हा होणार नाही' एवढं घेतात, तिच्या दुखण्यावर उपाय शोधतात आणि गावाला फक्त प्रकार थांबल्याचं सांगतात. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुन्हेगाराकडे बोट दाखवण्याची परदेशी पद्धत इथल्या कथेत मला म्हणूनच उपरी वाटते.

अफवेचा लांबचा इतिहास थोडक्यात. १८९६ च्या प्लेगात मुंबईत बोलवा उठली की सरकारी दवाखान्यात माणसाला उलटं टांगून त्याची मोमिआई, म्हणजे अंगातलं औषधी तेल, काढतात. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. रोग्याला जबरदस्तीने घरातून नेलं जात होतं, नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता. मोमिआईची गोष्ट खोटी होती, पण भीतीला कारण होतं. १९३० च्या सोलापुराबद्दल इथल्या वाचकाला काही सांगायला नको. गांधीजींच्या अटकेनंतर पेटलेल्या शहरावर लादलेल्या मार्शल लॉमध्ये एक हकिगत सरकारची होती आणि एक गावाची, आणि चौघांना फाशी झाली ती सरकारच्या हकिगतीवर. 'सरकार लपवतंय' हे वाक्य या गावात नुसतं वेडाचं लक्षण म्हणून उडवून लावता येत नाही, ते यामुळे.

त्याच काळात शहराच्या कडेला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे डांबलेलं, रोज हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि गिरणीला स्वस्तात मजूर. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. सेटलमेंट फ्री कॉलनी हा पत्ता आजही पोस्टमनला माहीत आहे. संशय आधी ठरवायचा आणि गुन्हा मागून शोधायचा, ही रीत सरकारने ऐंशी वर्षं कायदा म्हणून चालवली. चोरी झाली की आधी पालावर जायचं, ही सवय कायद्याबरोबर गेली नाही.

१९९५ मध्ये गणपतीची मूर्ती दूध पिते म्हणून देवळांत रांगा लागल्या, तो दिवस वाचकांच्या आठवणीत असेल. त्या २१ सप्टेंबरला बातमी फोनवरून देशभर पोहोचायला काही तास लागले, आणि नुकसान झालं ते दुधाचं. २०१८ चा उन्हाळा वेगळा होता. तोवर हातात व्हॉट्सॲप आलं होतं आणि 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हा मेसेज जिल्ह्यामागून जिल्हा ओलांडत होता. त्याच्यासोबत फिरणारा एक व्हिडिओ नीट पाहण्यासारखा आहे. गल्लीत मुलं खेळताहेत. मोटरसायकलवर दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि भरधाव निघून जातात. क्लिप तिथे संपते. मूळ चित्रफीत तिथे संपत नाही. मोटरसायकल वळून परत येते, पोराला खाली सोडते आणि त्यातला एकजण हातातला फलक उघडून धरतो. कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती जाहिरात होती. कुणीतरी शेवटचे काही सेकंद कापले होते. कापलेला तुकडा शोधणं हेच अशा कथेतल्या डिटेक्टिव्हचं मुख्य काम असायला हवं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथे आले होते, त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. पिढ्यान् पिढ्यांचा हा फिरस्तीचा धंदा, गाव दरवर्षी बदलतं एवढंच. एका लहान मुलीशी बोलताना कुणी पाहिलं आणि ओरड झाली. त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ठेचून मारलं. मोबाइलवर चित्रीकरण चालू होतं. पाचांपैकी एकही वाचला नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जमावाच्या हिंसेविरुद्ध जबाबदार अधिकारी नेमायला सांगितलं. दोन वर्षांनी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, पालघरच्या गडचिंचल्यात याच अफवेने तिघांना मारलं. पाचची मर्यादा लोकांच्या खात्रीला लागू पडली नव्हती. त्यानंतर टॉवर आणि लसीबद्दलचे मेसेज आले. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हाही दोन्ही बाजूंनी एकमेकांवर छुप्या हेतूंचे आरोप झाले. यातला प्रत्येक विषय कथेतल्या षड्यंत्रवाद्यांच्या ग्रुपला पुरेल.

मग सोलापूरची श्रद्धा आणि ही अफवा एकाच पंक्तीत बसवायची का? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत, पाहिलेला माणूस तसं करणार नाही. होमविधीनंतर रात्री, दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. त्याच्यासमोर गाजर, बोरं, धान्य, गूळ, पान-सुपारी मांडतात. ते कशाला तोंड लावतं, मूत्र टाकतं का, गर्दीला बुजतं का, यावरून मानकरी पाऊस आणि महागाई सांगतात. हजारो लोक ऐकतात आणि चर्चा करत घरी जातात. इथे सांगणारा कोण ते माहीत आहे, जागा आणि तिथी ठरलेली आहे, पुढच्या संक्रांतीला त्याला विचारता येतं, आणि वासरू कुणाचं नाव घेत नाही. फॉरवर्ड मेसेजला यातलं एकही बंधन नाही. कथेत अमानवी अंश आणायचा तर तो या जागेतून यावा असं मला मनापासून वाटतं. पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा, कुडमुड्या जोशी, डमरू वाजवणारा डवरी, ही भविष्य सांगणारी माणसं या मुलखातलीच. अफवेने नेमकं त्यांनाच आरोपी केलं.

राहता राहिला नायक. खासगी डिटेक्टिव्हला आपल्याकडे कायद्याने काही स्थान नाही. त्यांच्या नियमनाचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, कायदा झालाच नाही. कोट घातलेला, स्वतःचं ऑफिस असलेला गुप्तहेर सोलापुरात बसवला तर त्याला साधा पंचनामा बघायला मिळणार नाही. २०१३ च्या कायद्याने मात्र एक पद निर्माण केलं आहे: दक्षता अधिकारी. पोलीस निरीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी, ज्याने आपल्या हद्दीतले करणी, चेटूक, नरबळीचे प्रकार हुडकायचे, ते थांबवायचे, पुरावा गोळा करायचा; त्याला झडतीचाही अधिकार आहे. अमानवी प्रकारांचा तपास हेच ज्याचं सरकारी काम, असा माणूस कायद्याच्या पुस्तकात आधीच आहे. त्याच्या टेबलावर एका बाजूला कापलेली क्लिप, दुसऱ्या बाजूला भानामतीची तक्रार, आणि खाली फाटकापाशी आरोपीचं नाव आधीच ठरवून आलेले दोनशे लोक. कथा तिथून सुरू करता येते.