गिटार कॅबिनेटची दुरुस्ती आणि स्पीकरच्या इम्पीडन्सची जुळणी

गिटार ॲम्प्लिफायरच्या कॅबिनेटमधला जळालेला स्पीकर बदलताना नव्या स्पीकरचा इम्पीडन्स (संरोध) दोन ठिकाणी जुळावा लागतो: बाहेर ॲम्पशी आणि आत शेजारच्या स्पीकरांशी. पहिली जुळणी बहुतेक जण करतात, कारण ॲम्पच्या पाठीवर ओहमचा आकडा छापलेलाच असतो. दुसरीकडे दुर्लक्ष होते, आणि दुरुस्त केलेले कॅबिनेट पुन्हा उघडायची वेळ अनेकदा तिच्यामुळेच येते.

इम्पीडन्स म्हणजे एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध. स्पीकरच्या बाबतीत तो एका आकड्यावर कधीच स्थिर नसतो. बारा इंची गिटार स्पीकरचा अनुनाद साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. तिथे ‘८ ओहम’चा स्पीकर त्या आकड्याच्या कितीतरी पट वर जातो. काहीशे हर्ट्झवर तो खाली उतरतो आणि वरच्या सुरांत व्हॉइस कॉइलच्या (चुंबकाच्या खाचेत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) इंडक्टन्समुळे पुन्हा चढतो. चुंबकामागे छापलेला ४, ८ किंवा १६ हा आकडा नाममात्र, या उतारातल्या तळाच्या जवळचा. मल्टिमीटर डीसीने मोजतो, म्हणून त्यावर नुसता तारेचा रोध दिसतो: ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे ६ ते ७, १६ च्या स्पीकरला १२-१३. मीटरवर ६.४ दिसले म्हणून धडधाकट स्पीकर बाद करू नये. उलट चुंबकामागच्या छापावरही डोळे झाकून विसंबू नये. रीकोन करताना (स्पीकरचा कोन, म्हणजे कागदी पडदा, आणि कॉइल बदलताना) १६ च्या जागी ८ ओहमची कॉइल बसवली गेली असेल, तर छाप जुनाच राहतो आणि खरे काय ते मीटरच सांगतो.

ॲम्पच्या बाजूने पाहताना ट्यूब ॲम्प आणि ट्रान्झिस्टर ॲम्प यांत फरक करावाच लागतो. ट्यूब ॲम्पमध्ये स्पीकर आणि ट्यूब यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेढ्यांचे गुणोत्तर २०:१ असेल, तर इम्पीडन्सचे गुणोत्तर त्याच्या वर्गाइतके, म्हणजे ४००:१ होते. १६ ओहमचे कॅबिनेट ट्यूबला ६४०० ओहमसारखे भासते. त्याच टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या त्याच जोडटोकावर) ८ ओहम लावले की ३२००. लोड, म्हणजे ट्यूबला भासणारा हा ओहमचा आकडा, असा घटला की ट्यूबमधून जास्त प्रवाह जाऊन त्या लवकर झिजतात. लोड वाढला की ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्यांवर व्होल्टेज चढते. दुप्पट-निमपटीची तफावत अनेक ॲम्प सोसतात, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून स्पीकर निवडणे बरे नव्हे. सर्वांत घातक म्हणजे लोडच नसणे. स्पीकर न जोडता ॲम्प वाजवला तर ट्यूबच्या सॉकेटवर किंवा वेढ्यांच्या मध्ये ठिणगी उडून इन्सुलेशन जळू शकते. फेंडरच्या अनेक ट्यूब ॲम्पमध्ये मुख्य स्पीकरचा प्लग काढताच जॅक आतल्या आत शॉर्ट होतो, तो याच कारणाने. ट्रान्झिस्टर ॲम्पचे गणित बरोबर उलटे: किमान मर्यादेपेक्षा कमी ओहम किंवा शॉर्ट झाला तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात, जास्त ओहमने काही बिघडत नाही. ४ ओहमऐवजी ८ लावले तर ताकद निम्म्याच्या आसपास येते, इतकेच.

कॅबिनेटच्या आतली जोडणी एकसर (सिरीज), समांतर (पॅरलल) किंवा दोन्हींची मिश्र असते. एकसर जोडणीत ओहमची बेरीज होते. समांतर जोडणीत सारखे दोन स्पीकर निम्मे होतात. फेंडर बासमनच्या ५एफ६-ए या नमुन्यात दहा इंची चार स्पीकर, प्रत्येकी ८ ओहमचे, सगळे समांतर जोडून २ ओहम केलेले आहेत. मार्शलच्या चार स्पीकरांच्या कॅबिनेटात मात्र १६ ओहमचे चार स्पीकर मिश्र जोडणीने पुन्हा १६ ओहमवरच येतात.

आता अशा कॅबिनेटातला एक स्पीकर जळाला आणि हाताशी होता म्हणून ८ ओहमचा बसवला, असे समजू. जोडणी एकसर जोड्यांची आहे: एक जोडी १६ आणि १६, दुसरी १६ आणि ८, दोन्ही जोड्या समांतर. एकूण इम्पीडन्स १३.७ ओहम निघतो, म्हणजे ॲम्पला काही जाणवतच नाही. पण ताकदीची वाटणी पाहा. पहिल्या जोडीतल्या दोघांना २१-२१ टक्के, नव्या ८ ओहमच्या स्पीकरला १९ टक्के आणि त्याच्या सोबतच्या १६ ओहमच्या स्पीकरला ३८ टक्के. १०० वॉटचा ॲम्प भरपूर उघडला, तर २५ वॉट सोसणाऱ्या स्पीकरवर ३८ वॉट पडतात. चुकीचा स्पीकर टिकतो आणि त्याच्या शेजारचा चांगला जळतो. दुरुस्ती करणारा मग जळालेल्यालाच दोष देतो. समांतर जोडणीत हेच उलटे होते: ८ आणि १६ एकत्र आले की ८ वाला दुप्पट ताकद ओढतो.

दोष शोधतानाही जोडणी माहीत असावी लागते. एकसर जोडीतला एक स्पीकर तुटला की दुसराही मुका होतो, म्हणून चारांपैकी दोन बंद दिसले तरी बिघाड बहुधा एकातच असतो. प्रत्येक स्पीकरची एक तार सोडवून तो एकटा मोजावा. तार न सोडवता मोजले तर शेजाऱ्यांचा रोध मिसळून आकडा फसवतो. दोन्ही हातांची बोटे कोनवर पसरून तो सावकाश, समान आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल चुंबकाच्या खाचेत घासते आहे. कॉइल करपल्याचा उग्र वासही मागच्या बाजूने येतो.

नवा स्पीकर बसवताना ध्रुवता जपावी. दीड व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक धन टर्मिनलला क्षणभर टेकवले की कोन बाहेर यायला हवा; जेबीएलच्या जुन्या गिटार स्पीकरांत तो आत जातो. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्ज पोकळ होतो.

शेवटचे मोजमाप जॅकवर घ्यावे, ॲम्प जोडण्याआधी. कॅबिनेटला स्पीकर केबल लावून तिच्या मोकळ्या प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर मीटर धरावा. १६ ओहमच्या कॅबिनेटला १२-१३ दिसायला हवेत. २५ च्या आसपास दिसले तर एक एकसर जोडी अजून तुटलेली आहे, आणि पुष्कळदा त्यामागे टर्मिनलवरचा सोल्डरचा एखादा सुटलेला डाग निघतो.