रास्ताफारी श्रद्धा व रेगे संगीत

रास्ताफारी ही जमैका बेटावर १९३० च्या दशकात उदयाला आलेली धर्मश्रद्धा असून रेगे हे त्याच बेटावर १९६० च्या दशकाअखेरीस घडलेले संगीत होय. रेगेचे सगळेच गायक रास्ता, म्हणजे या श्रद्धेचे अनुयायी, नव्हते, तरीही जगाला या श्रद्धेचा परिचय झाला तो मुख्यतः या संगीतातून; त्यामुळे जटा, गांजा आणि लाल-पिवळा-हिरवा झेंडा एवढेच चित्र बाहेरच्या श्रोत्याच्या मनात राहते. प्रत्यक्षात या श्रद्धेचा गाभा पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनात आहे. ख्रिस्ती धर्माशी तिचे भांडण जुने आणि तीव्र आहे, पण ते घरातले भांडण आहे.

जमैका १६५५ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. उसाच्या मळ्यांवरील गुलामांमध्ये ख्रिस्ती उपदेशाने मूळ धरले ते मळेवाल्यांच्या अँग्लिकन चर्चमुळे नव्हे, तर जॉर्ज लाइल यांच्यासारख्या, गुलामगिरीतून मुक्त होऊन अमेरिकेतून आलेल्या बॅप्टिस्ट उपदेशकांमुळे. १८३१ च्या नाताळात पेटलेल्या गुलामांच्या उठावाचा पुढारी सॅम शार्प हा बॅप्टिस्ट डीकन, म्हणजे चर्चमधील सेवक-पदाधिकारी, होता. १८३२ मध्ये त्याला फाशी दिले गेले आणि तो उठाव ‘बॅप्टिस्ट युद्ध’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे १८६०-६१ मधील धर्मजागृतीच्या लाटेत ख्रिस्ती गीते आणि अंगात येणे, टाळ्या, ढोल हे आफ्रिकी उपासनाप्रकार एकत्र आले व त्यांतून ‘रिव्हायव्हल’ संप्रदाय घडले. शास्त्रवचनाच्या आधारे धन्याला जाब विचारणे आणि ढोलाच्या ठेक्यावर देवाला आळवणे, या दोन्ही गोष्टी रास्ताफारींना अशा रीतीने वारशातच मिळाल्या.

जमैकात जन्मलेले मार्कस गार्व्ही (१८८७–१९४०) यांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांना आफ्रिकेकडे पाहण्यास शिकवले. २ नोव्हेंबर १९३० रोजी आदिस अबाबा येथे रास तफारी माकोनेन (ज्यांच्या नावावरून या श्रद्धेचे नाव पडले) यांचा इथिओपियाचे सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला आणि त्यांनी हेले सेलासी, म्हणजे ‘त्रैक्याचे सामर्थ्य’, हे नाव धारण केले. ‘राजांचा राजा’ आणि ‘यहूदा वंशाचा विजयी सिंह’ या त्यांच्या बिरुदांचे वर्णन वृत्तपत्रांत वाचताच लेनर्ड हॉवेल, जोसेफ हिबर्ट, आर्चिबाल्ड डंकली आदी जमैकन उपदेशकांना पवित्र शास्त्रातील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचा, यहूदा वंशाच्या सिंहाचा उल्लेख असलेला पाचवा अध्याय आठवला. स्तोत्रसंहितेच्या ६८ व्या स्तोत्रात इथिओपिया देवाकडे हात पसरील असे वचन आहेच. मराठी पवित्र शास्त्रात याच ठिकाणी मूळ हिब्रूप्रमाणे ‘कूश’ हा शब्द येतो, त्यामुळे त्यातील स्फोटकपणा मराठी वाचकाला जाणवत नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र ‘इथिओपिया’ असे स्पष्ट छापलेले होते, आणि मळेवाल्यांनीच आणलेल्या त्या ग्रंथात कृष्णवर्णीयांना आपल्या देशाचे नाव सापडले. खुद्द गार्व्ही यांनी, इटलीच्या आक्रमणानंतर १९३६ मध्ये देश सोडणाऱ्या सेलासी यांच्यावर कडक टीका केली. तरीही रास्ताफारी परंपरेत गार्व्ही हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासारखे पूर्वघोषणा करणारे संदेष्टे मानले जातात.

हॉवेल यांना १९३४ मध्ये राजद्रोहाबद्दल तुरुंगवास झाला. १९४० मध्ये त्यांनी सेंट कॅथरीन परगण्यात ‘पिनॅकल’ ही वसाहत उभारली व ती पोलिसांनी अखेर १९५४ मध्ये मोडून काढली. त्यांनी आपल्या पुस्तिकेसाठी घेतलेल्या ‘गंगुनगुरू मराघ’ या टोपणनावातील ‘मराघ’ म्हणजे ‘महाराज’. १८४५ पासून जमैकात करारबद्ध भारतीय मजूर येत होते आणि त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्दही तेथे गेला. गांजा ही पवित्र वनस्पती असल्याचे समर्थन रास्ता पवित्र शास्त्रातील ‘उत्पत्ती’ आणि ‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकांतील वचनांनी करतात, वापरतात मात्र आपल्याकडचाच शब्द.

रास्ता वाचनात जुन्या करारातील इतिहास हा चालू वर्तमानकाळ ठरतो. इस्राएलला बंदिवासात नेणारे बाबेल (बॅबिलॉन) म्हणजे वसाहतवादी सत्ता, पोलीस, न्यायालय आणि पुष्कळदा चर्चही. सीयोन, म्हणजे देवाचे पवित्र नगर, ते इथिओपिया किंवा अवघी आफ्रिका. आणि बंदिवासात पडलेले इस्राएल म्हणजे समुद्रापार नेले गेलेले आफ्रिकी लोक. जटांना आधार आहे गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील नाजीराच्या, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्या माणसाच्या, नवसाचा, ज्यात डोक्याला वस्तरा लावणे निषिद्ध आहे. देवाचे नाव ‘जाह’. मराठी ख्रिस्ती उपासनेत ऐकू येणाऱ्या ‘हालेलूया’च्या शेवटचे ‘याह’ ते हेच. देव माणसात वसतो या धारणेतून ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांऐवजी ‘आय अँड आय’ म्हणण्याची रीत आली. मेल्यावर आकाशातल्या स्वर्गात सुख मिळेल ही शिकवण मात्र रास्तांनी ठामपणे नाकारली, कारण त्यांच्या मते गुलामाला गप्प बसवण्यासाठीच ती सांगितली गेली होती.

न्याबिंगी या उपासनासभांत बास, फुंडे आणि रिपीटर या तीन ढोलांच्या साथीने रात्रभर स्तोत्रे गायली जातात. त्यांतील अनेक चाली प्रोटेस्टंट गीतसंग्रहांतल्या असून शब्द तेवढे बदललेले असतात. काउंट ऑसी यांनी हे वादन १९६० च्या सुमारास ध्वनिमुद्रिकांत आणले. ‘रेगे’ हे नाव रूढ करणाऱ्या १९६८ च्या गीताचे गायक टूट्स हिबर्ट हे चर्चच्या गायनात वाढलेले होते. मेलोडियन्स या गटाचे १९७० मधील ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे या नात्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. त्यात १३७ वे आणि १९ वे स्तोत्र जोडले असून ‘परमेश्वर’ या शब्दाच्या जागी सेलासी यांचे निर्देश घातले आहेत. बोनी एम या गटाने १९७८ मध्ये तेच गीत युरोपभर गाजवले तेव्हा ते निर्देश काढून पुन्हा ‘परमेश्वर’ आणला. बॉब मार्ली यांच्या १९७६ मधील ‘वॉर’ या गीताचे शब्द तर बहुतांशी सेलासी यांच्या संयुक्त राष्ट्रांतील १९६३ च्या भाषणाचे आहेत.

येशूविषयी रास्तांमध्ये एकमत नाही. न्याबिंगी परंपरेत सेलासी हे साक्षात देव मानले जातात. १९५८ मध्ये प्रिन्स इमॅन्युएल यांनी स्थापन केलेल्या बोबो शांती संप्रदायात शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, कसोशीने पाळतात. १९६८ मध्ये व्हर्नन कॅरिंग्टन यांनी सुरू केलेल्या ‘इस्राएलचे बारा वंश’ या संघटनेत दररोज पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचण्याचा दंडक असून ती येशू ख्रिस्ताला उघडपणे मानते. मार्ली याच संघटनेचे होते.

सेलासी स्वतः इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे निष्ठावंत सभासद होते आणि आपण मर्त्य मनुष्य आहोत असे त्यांनी सांगितले होते. २१ एप्रिल १९६६ रोजी ते किंग्स्टनला उतरले तेव्हा विमानतळावर जमलेल्या प्रचंड समुदायाने त्यांचे स्वागत केले, आणि हा दिवस रास्ता आजही सणासारखा पाळतात. १९७० मध्ये त्यांच्या चर्चचे धर्मगुरू आबुना येसेहाक जमैकात आले, तेव्हा सेलासी यांच्या नावाने बाप्तिस्मा मागणाऱ्या रास्तांना त्यांनी नकार दिला. बाप्तिस्मा ख्रिस्ताच्याच नावाने होईल, असे त्यांनी बजावले. काही रास्ता परत गेले, काहींनी तो स्वीकारला. कर्करोगाने आजारी असलेल्या मार्ली यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला व ‘बेरहाने सेलासी’, म्हणजे ‘त्रैक्याचा प्रकाश’, हे नाव धारण केले. ११ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. २१ मे रोजी किंग्स्टनमध्ये इथिओपियन ऑर्थोडॉक्स विधीने अंत्योपासना झाल्यावर, त्यांचे जन्मगाव नाइन माइल येथे त्यांना गिटार आणि पवित्र शास्त्रासह पुरण्यात आले.